दुपारचा उंचवटा

पडद्यावरची रेघ सरळ आली. फूटपट्टी धरून ओढावी तशी.

“मॅडम, आजही उंचवटा नाही! संपली मोजणी, जिंकलो!” संशोधक विद्यार्थिनी खुर्चीतून उठून ओरडली. अखंड बडबडीमुळे प्रयोगशाळेत सगळे तिला रेडिओ म्हणत. मॅडमनी मात्र चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि मगच विश्वास ठेवला.

त्या उंचवट्याने वर्षभर नाकी नऊ आणले होते. विद्यापीठाने पोटाला चिमटा काढून ही क्वांटम प्रयोगशाळा उभारली होती. बर्फही गरम म्हणावा इतक्या थंडीत ठेवलेली नखाएवढी चकती, आणि तिच्यात एक नाजूक अवस्था शक्य तितका वेळ टिकवून धरायची, एवढाच प्रयोग. एवढाच म्हणजे भल्याभल्यांची झोप उडवणारा. जवळपास जड लोखंड हललं तरी ती अवस्था मोडायची. म्हणून मोजणी दुपारच्या सुट्टीत, सगळी इमारत जेवायला खाली उतरली की. आणि नेमका तेव्हाच रेघेवर उंचवटा यायचा. थोड्या वेळाने आणखी एक. मेहनत पाण्यात. मॅडमनी त्याला नाही नाही त्या शिव्या घातल्या होत्या.

शेवटी चोर सापडला. इमारतीची जुनी लिफ्ट. ती वर सरकली की इथे रेघ उचलली जायची. कुलगुरूंच्या कार्यालयात खेटे घालून मॅडमनी दुपारची लिफ्ट बंद करून घेतली, आणि त्या दिवसापासून रेघ शहाण्यासारखी वागू लागली.

टाळ्या झाल्या. कोणीतरी चहा सांगायला पळालं. मॅडमना वाटलं, घरी फोन करावा. हात खिशाकडे गेलाही. मग आठवलं, तिकडे फोन उचलणारं आता कोणी नाही.

वडील गेले त्याला महिनाही झाला नव्हता. झोपेतच गेले. बापलेकीचं बोलणं त्याआधीच तुटलं होतं. आई अत्यवस्थ असताना इथलं यंत्र मुश्किलीने थंड झालं होतं. सोडून गेलं तर सगळं पहिल्यापासून. मॅडम एक दिवस थांबल्या आणि त्याच दिवशी आई गेली. “तू तुझं यंत्रच सांभाळ,” वडील दारातच म्हणाले होते. पुढे प्रयोगशाळेच्या उद्घाटनाला पहिल्या रांगेतली त्यांची खुर्ची रिकामी राहिली. मग मॅडमही हट्टाला पेटल्या. एकदा येऊन माझं काम बघू देत, मगच बोलेन. ते काही आले नाहीत. मॅडमना हे फार लागलं होतं. वडील गेल्यावरही त्या आठवडाभराच्या आत कामावर हजर झाल्या, कोणाला फारसं न सांगता.

लिफ्टमनचे आभार मानावेत म्हणून त्या बाहेर आल्या. दारावर लाल दिवा जळत होता. प्रयोग चालू, आत येऊ नये. प्रयोग असो वा नसो, तो कायमच जळायचा. विझवला की कोणी ना कोणी कामं घेऊन टपकायचं, म्हणून मॅडमनी बटणावर चिकटपट्टीच मारून टाकली होती. आतली मंडळी दिव्याकडे ढुंकूनही न बघता ये-जा करायची.

लिफ्टमन स्टुलावर बसला होता.

“तुम्हाला उगाच बसवून ठेवलं मी,” मॅडम म्हणाल्या. “आमचं काम झालं. आता करा लिफ्ट सुरू.”

“बरं झालं, मॅडम. मग आजोबांना कळवा. येतील बिचारे.”

“कोणते आजोबा?”

“तुमचे वडील हो!” लिफ्टमनने जीभ चावली. “मला शपथ घातली होती, तिला सांगू नको म्हणून. पण आता काम झालंच म्हणता... बहुतेक रोज यायचे. दुपारी, गर्दी नसताना. मी वर आणून सोडायचो. इथेच भिंतीला टेकून उभे राहायचे. म्हटलं, आजोबा, जा की आत! तर म्हणायचे, दिवा लाल आहे, पोरीचं काम चाललंय. विझला की जातो. पाय दुखायला लागले की मग खाली न्यायचो.”

मॅडमनी भिंतीचा आधार घेतला. नेमकी तीच भिंत.

“आणि लिफ्ट बंद झाल्यावर?”

“आले होते ना त्या दिवशी. जिना बघून पहिल्याच पायरीवर बसले. का रे बंद, म्हणाले. मी सांगितलं, लिफ्टमुळे मॅडमच्या यंत्रात गडबड होते. तर हसायलाच लागले. ‘म्हणजे इतके दिवस मीच तिच्या आड येत होतो की!’ मग काठी उचलली आणि गेले.” लिफ्टमन जरा घुटमळला. “रागावले नाहीत ना, मॅडम? परत फिरकलेच नाहीत.”

मॅडमनी दारापाशी जाऊन नखाने चिकटपट्टी खरवडली आणि बटण दाबलं. दिवा विझला.

“लिफ्ट खाली न्या,” त्या म्हणाल्या, “आणि परत वर आणा.”

“खाली कोणी आहे का?”

“कोणी नाही. पण आणा.”

आत यंत्र अजून चालूच होतं. मॅडम पडद्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. रेघ सरळ धावत होती. मग ती हळूच उचलली गेली.

“अरे देवा, उंचवटा!” रेडिओने कपाळाला हात लावला. “कोणी सोडली लिफ्ट? थांबा मॅडम, एवढा भाग पुसून टाकते.”

“राहू दे गं,” मॅडम म्हणाल्या. “बाबा आलेत.”