फायरवॉल बंद

लॅपटॉपमधल्या एकूण एक फायलींना कुलूप लागलं होतं. किल्ली हवी तर पैसे पाठवा, असा मजकूर पडद्यावर लाल अक्षरांत आला होता.

सुन-ओकने लॅपटॉपचं वायफाय आधी तोडलं आणि घरच्या बाईला, हे-रिमला, खरं ते सांगून टाकलं. हे कुलूप उघडणं तिच्या हातात नव्हतं. ती इंटरनेट कंपनीची साधी दुरुस्तीवाली. आजचं हे सातवं घर. कोरियातल्या जेजू बेटावर संत्र्यांचे दिवस होते. जावं त्या घरी लोक चार-पाच संत्री हातात कोंबत, आणि पिशवीच्या ओझ्याने तिचा खांदा भरून आला होता.

हे-रिम रडली नाही. तीन दिवसांत ते रडून झालं असावं. समुद्रात बुड्या मारणाऱ्या म्हाताऱ्या बायकांची बोली ती सहा वर्षं टिपत होती. अकरा जणींचे आवाज. त्यातल्या चौघी आता नव्हत्या. दुसरी प्रत होती, पण ती ज्या पेनड्राइव्हवर होती तोही त्याच लॅपटॉपला खोचलेला.

"मीच कुठलीतरी मेल उघडली असणार," ती म्हणाली आणि जवाचा चहा करायला आत गेली.

सुन-ओकने राउटरची सेटिंग्ज उघडली. फायरवॉल बंद होती. आतल्या लॅपटॉपने जे मागवलं तेवढंच घरात सोडायचं आणि न बोलावता येणाऱ्याला बाहेरच्या बाहेर परत पाठवायचं, एवढंच फायरवॉलचं काम. नऊ ऑगस्टपासून ते थांबलं होतं. खाली नोंदींत परक्या पत्त्यांची रांगच लागली होती. सगळे थेट हे-रिमच्या जुन्या लॅपटॉपपर्यंत पोचलेले.

शेजारी हे-रिमचा नवरा मान-ग्यू बसला होता. सुन-ओकने काही विचारायच्या आत तो हळू आवाजात सांगू लागला. गेम मध्येच तुटायचा. फायरवॉल बंद कर, असं कुणीतरी सुचवलं, त्याने केली. त्याचा लॅपटॉप नवा, म्हणून वाचला. बायको तीन दिवस स्वतःला बोल लावत होती, ते तो ऐकत होता.

"तिला सांगायलाच हवं का?" त्याने विचारलं.

सुन-ओकने फायरवॉल सुरू केली. बावीस वर्षांत ती कुणाच्या संसारात पडली नव्हती, आणि अजून दोन घरं बाकी होती. कंपनीच्या कागदावर 'कारण' या रकान्यात तिने 'समजले नाही' असं लिहिलं.

हे-रिम चहा घेऊन आली. कागद पुढे ओढून सही करता करता म्हणाली, "काल आईला सांगितलं, हे काम सोडतेय म्हणून. माझ्यासारख्या वेंधळीने कुणाचे आवाज सांभाळायला घेऊच नयेत."

तिची सही अर्धीच झाली होती. सुन-ओकने तिच्या हाताखालून कागद काढून घेतला, ती ओळ खोडली, वर 'फायरवॉल घरातून बंद केलेली' असं लिहिलं आणि कागद पुन्हा तिच्यासमोर ठेवला.

"मेलचं काही नाही, ताई. ते बाहेरून सरळ आत आलेत. तुमच्या हातून काही झालेलं नाही."

हे-रिमने ओळ दोनदा वाचली. राउटरचा पासवर्ड घरात एकालाच ठाऊक होता. तिने नवऱ्याकडे पाहिलं. जमिनीकडे बघत, अर्ध्यामुर्ध्या वाक्यांत, त्याने तिला गेमचं सांगितलं.

सुन-ओक हत्यारं गोळा करत राहिली. हे-रिमने सही पुरी केली आणि पेन खाली ठेवलं.

"मग, जिंकायचास का?" तिने विचारलं.

मान-ग्यूने जरा विचार केला.

"कधीमधी," तो म्हणाला.