कुत्र्याच्या शोधात

स्कॉटलंडमधली तीन हजार फुटांवरची सगळी दोनशे ब्याऐंशी शिखरं सर करायची, हा मर्डोने दहा वर्षं धरलेला हट्ट. आज एका दिवसात शेवटची चार उरकायची होती. पहिल्यावर ऊन लागलं, दुसऱ्यावर गारा पडल्या, तिसऱ्यावर वाऱ्याने टोपी पळवली आणि चौथ्यावर तर स्वतःचे बूट दिसेनात इतकं धुकं.

दगडांची रास हाताला लागताच "हाच माथा!" म्हणत मर्डोने रिवाजाप्रमाणे तिच्यावर आपला एक दगड ठेवला, यादीत शेवटची खूण केली आणि व्हिस्कीची बाटली काढली.

"कुत्रं कुठे उधळलं बघून येते," म्हणत त्याची बायको इशबेल धुक्यात पुढे निघून गेली.

"दहा वर्षं हेच!" मर्डो ओरडला. "जरा धुकं पडलं की हिचं कुत्रं हरवतं! अगं, आज तरी थांब की माझ्याजवळ!"

वाऱ्याचा झोत आला आणि धुकं फाटलं. कुत्रं राशीच्या आडोशाला बसून मर्डोचंच सँडविच खात होतं. आणि शंभर पावलांवर, इथून चांगल्या पुरुषभर उंच असलेल्या खऱ्या माथ्यावर, दुसरी रास होती. तिच्यावर दगड ठेवून इशबेल हात हलवत होती.



"मर्डो, माझी झाली रे दोनशे ब्याऐंशी! तुझी धुक्यात चुकलेली, हे धरून, अजून अकरा राहिलीत!"