पिशवीतला हात

गुणवंतरावांनी तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पिंक खिडकीतून टाकली. अर्धी बाहेर गेली, अर्धी गजांवरच राहिली. हातानं ओठ पुसत ते म्हणाले, "बाई, त्या पोरीले फायनलमधून काढा."

नूतनबाईंना त्या गजांकडे बघवेना. गुणवंतराव केंद्रप्रमुख होते, म्हणजे पंधरा शाळांवरचे साहेब, त्यामुळे बोलायचीही सोय नव्हती. सावली गावच्या समाजभवनात चौथीच्या मुलांची शब्द जुळवण्याची स्पर्धा बाईंनी मोठ्या हौसेनं मांडली होती. चौकोन आखलेला एक पाट, आणि कापडी पिशवीत अक्षरं रंगवलेले सागवानी ठोकळे. न बघता पिशवीत हात घालायचा, एक ठोकळा काढायचा, पाटावरच्या अक्षरांना जोडून शब्द करायचा. काना-मात्रा मनानं लावायची सूट होती. शब्दात जितकी अक्षरं तितके गुण. जो पहिला येईल तो चंद्रपूरला, जिल्ह्याच्या स्पर्धेला. इतका सरळ खेळ, पण सकाळपासून मोठ्या माणसांनी त्याचा पार चिखल करून टाकला होता.

"काऊन काढायचं?" बाईंनी विचारलं.

"ठोकळे कोनं बनवले? तिच्याच बापानं, जलालुद्दीननं. खुना करून ठेवल्या असन. सकाळपासून पोरगी क, र, म, स काढून राह्यली. दुसऱ्या कोनाले भेटते का असं?"

शेजारी बसलेल्या भैयाजींनी मान डोलावली. ते राइस मिलचे मालक. बक्षिसाची ढाल त्यांनीच दिली होती आणि फायनलमध्ये त्या पोरीसमोर, रूहीसमोर, बसणारा मुन्ना त्यांचाच नातू होता.

"दाखवा बरं एक तरी खून," बाई म्हणाल्या.

गुणवंतरावांनी पिशवी टेबलावर पालथी केली. खर्ऱ्यानं लाल झालेल्या बोटांनी ठोकळे उलटेपालटे करून पाहिले. भैयाजींनी चष्मा लावून पाहिले. एकावरही खूण सापडली नाही. ठोकळे मात्र चिकट झाले.

"रूहीले काढलं तर मी स्पर्धाच बंद करीन," बाई म्हणाल्या. मुन्नाचा ट्यूशनचा मास्तर सकाळपासून खिडकीबाहेर उभा राहून बोटांनी हवेत शब्द लिहून दाखवत होता. बाईंनी दोनदा हाकललं, तर तो दुसऱ्या खिडकीत गेला. तो कोणालाच दिसत नव्हता. नऊ वर्षांची पोर तेवढी सगळ्यांना दिसत होती.

रूही व्हरांड्यात बसली होती. अंगात आईनं, हाजरानं, चंद्रपूरला जायचं म्हणून शिवलेला नवा फ्रॉक होता. जिंकण्याआधीच घालून आली होती. "बाई, बस जटपुरा गेटमधून जाते का?" हे तिनं सकाळपासून कितीदा तरी विचारलं होतं.

बाई तिच्यासमोर उकिडव्या बसल्या. "रूही, ते म्हनून राह्यले का तू हातानं चाचपून ठोकळे काढते."

रूही फ्रॉकचा घेर गुडघ्यांवर सारखा करत राहिली.

"असं जिंकलं तर ते चोरीच झाली न. तुह्या अब्बूले चोर ठरवून राह्यले ते. तू दाखव त्याहिले."

"चोरी?" रूहीचा चेहरा उतरला.

"तू कायले घाबरते? जाय, खेळ."

फायनल सुरू झाली तेव्हा भैयाजी पिशवीला अगदी खेटून बसले. रूहीनं हात आत घातला आणि बराच वेळ बाहेर काढला नाही.

"पाहा, पाहा! चाचपून राह्यली!" भैयाजी ओरडले.

रूहीच्या हातात ढ आला. पोरं खो खो हसली. तिनं पाटावरच्या ग आणि व यांच्यामध्ये तो ठेवला आणि गाढव केलं. पोरं आणखीच हसली.

पुढच्या खेपेला ळ. तिनं पळस केलं. मग ठ, मग ण, मग पुन्हा ढ. दर वेळी हात तितकाच वेळ आत राहायचा आणि बाहेर यायचं ते एखादं आडमुठं अक्षर. तरी पोरगी कुठून कुठून शब्द शोधत होती. मुन्ना मान वर करून खिडकीकडे बघायचा आणि सरकार, कारभार असे लांबलचक शब्द लावून मोकळा व्हायचा.

"बोला आता," नूतनबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या. "चाचपून कोनी ढ काढते का?"

गुणवंतराव कसंनुसं हसले. "नाई, आमी आपलं विचारलं. जलालुद्दीन चांगला मानूस हाय."

रूही तीन गुणांनी हरली. भैयाजींनी आपली ढाल आपल्याच नातवाला दिली आणि सगळ्यात जोरात टाळ्याही त्यांनीच वाजवल्या. ट्यूशनचा मास्तर आत येऊन फोटोत उभा राहिला. बाईंना तिथं श्वासही घ्यावासा वाटेना. रूहीचा हात धरून त्या बाहेर आल्या.

"नशीबच खराब तुहं," त्या म्हणाल्या. "हात घातला का वाईटच अक्षर."

"नशीब नाई बाई. मले समजते."

"काय समजते?"

"हात लावला का कोनता ठोकळा हाय ते. अब्बूनं कापले, पन घासले मीनं. रंग वाळेपर्यंत राखनही मीच केली."

बाईंनी तिचा हात सोडला. म्हणजे तो थुंकणारा माणूस खरं बोलत होता, आणि आपण भर सभेत हिच्यासाठी भांडलो. दिवसभर त्या लोकांची आलेली किळस आता या नव्या फ्रॉकातल्या पोरीची यायला लागली.

"मंग सकाळी तू असंच जिंकली?"

"हो. मले वाटलं, खेळच तसा असते. चोरी असते ते तुमीच सांगितलं."

"अन सांगितल्यावरही थांबली नाई? फायनलमधी बी चाचपतच होती न?" बाईंचा आवाज चढला.

"थांबता येत नाई बाई, हाताले समजतेच," रूही म्हणाली. "म्हनून मंग सकाळी जेवढे चांगले काढले होते, तेवढे वाईट काढले."