कोळ्याचे पाय

गुरुजी अजून आपल्याच शाळकरी वयातल्या वहीवरून शिकवायचे. त्यांच्या मास्तरांनी फळ्यावर लिहिलेलं वहीत उतरलं, तेच तीस वर्षं वहीतून फळ्यावर चढत होतं. त्यात कोळ्याला सहा पाय होते. एका पोरीनं पेपरात आठ लिहिले, तिला भोपळा मिळाला. दुसऱ्या दिवशी तिनं काचेच्या बरणीतून कोळीच आणला. “मोजा, गुरुजी.” गुरुजींनी मोजले. चष्मा पुसून पुन्हा मोजले. “याला दोन जास्त फुटलेत.” “घरी आणखी चार आहेत, गुरुजी. सगळ्यांनाच जास्त फुटलेत.” वर्ग खिदळला. पुरावा म्हणून गुरुजींनी वही उघडली, पान उजेडात धरलं आणि मटकन खुर्चीत बसले. शाईतल्या ‘सहा’खाली खोडरबरानं घासलेला पेन्सिलीचा ‘आठ’ दिसत होता. अक्षर त्यांचंच होतं. तळहात चुरचुरला, पाय मोजले म्हणून खाल्लेली छडी आठवली. “पोरी, पेपर आण तुझा.”