प्रागमधलं व्हेज जेवण

चारुदत्त सरांनी केबिनचं दार लावून घेतलं आणि सुजीतला बसायला सांगितलं. त्या केबिनमध्ये ज्याला बसायला सांगत, तो दुसऱ्या दिवशी ऑफिसात दिसत नसे. दोन हजार नऊचा जानेवारी होता. दिवाळीपर्यंत या दुबईच्या ऑफिसखाली पार्किंगवरून भांडणं होत. आता गाडी कुठेही लावावी.

परिस्थिती तुला माहीतच आहे, अशी सरांनी सुरुवात केली. सुजीतची नजर टेबलावर गेली. तिथे प्रागचं गुळगुळीत माहितीपत्रक पडलं होतं. काय बोलतोय हे कळायच्या आत तो म्हणाला, "प्रागला जाताय, सर? मी राहिलोय तिथे."

सर थांबले. तोंडाशी आलेलं वाक्य त्यांनी गिळलं आणि विचारलं, तिथे व्हेज कुठे मिळतं? मार्चची तिकिटं मंदी यायच्या आधीच काढलेली होती आणि त्यांच्या बायकोला, मंजुषा वहिनींना, अंड्याचा केकसुद्धा चालत नसे. सुजीत म्हणाला, मिळतं, पण जागा माहीत पाहिजेत. अर्ध्या तासाने तो बाहेर आला तेव्हा त्याची नोकरी शाबूत होती.

डिस्कव्हरी गार्डन्समधल्या घरी दर्शनाने कपाळाला हात लावला. तिच्या नवऱ्याने आयुष्यात पुणे-दुबई एवढाच विमानप्रवास केला होता. मग मात्र तीच लॅपटॉप उघडून बसली. दगडी पूल भल्या सकाळी बघायचा, नंतर पाय ठेवायला जागा नसते. चौकातल्या जुन्या घड्याळातून दर तासाला बाहुल्या निघतात, तेव्हा खिसा सांभाळायचा. तळलेलं चीज आणि बटाट्याची थालीपिठं सगळीकडे मिळतात, पण तळणीला चरबी नाही ना, ते विचारून घ्यायचं.

सर दर आठवड्याला बोलवू लागले. अनिल गेला, अकाउंट्समधला यूनुस गेला, आणि सुजीत प्राग सांगत राहिला. इंटरनेटवरचं प्राग फेब्रुवारीत संपलं. तेव्हा त्याने किल्ल्यामागच्या गल्लीत एक म्हातारी विधवा बसवली. ती घरगुती खानावळ चालवते, तिच्याकडचं मसुराचं सार अगदी आपल्यासारखं, गुरुवारी तर कांदा-लसूणसुद्धा नसतो. दर्शना म्हणाली, ते खरंच शोधत जातील. सुजीत म्हणाला, तोपर्यंत दोन पगार झालेले असतील.

मार्चमध्ये सर गेले. ते दहा दिवस सुजीतला धड जेवण गेलं नाही. बर्फात, कडाक्याच्या थंडीत, मंजुषा वहिनी आणि त्यांची छोटी शुभ्रा नसलेली खानावळ शोधत फिरताहेत, असं त्याला सारखं दिसे. दर्शनाने माळ्यावरच्या बॅगा खाली काढून ठेवल्या.

सर आले ते पेढे वाटल्यासारखे चॉकलेट वाटतच. उरलेला स्टाफ चहाच्या मशीनपाशी जमला होता. प्राग काय शहर आहे, सर सांगत होते. पूल बघावा तर सकाळीच. आणि सुजीतने सांगितलेल्या त्या बाईंकडचं मसुराचं सार! मंजुषा तर तिथून उठायलाच तयार नव्हती.

सुजीतने कप खाली ठेवला. त्याने सरांकडे नीट पाहिलं. बर्फातून आलेल्या माणसाची मान उन्हाने करपून काळी पडली होती.

दुपारी सरांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावलं.

"सगळ्यांसारखा तुझाही पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत असतो, सुजीत. किल्ली माझ्याकडेच आहे," ते म्हणाले. "पहिल्याच दिवशी उघडून बघितला. युरोपचा एकही शिक्का नाही."

 सुजीतने विचारलं, मग मला का ठेवलंत?

सर खुर्चीत मागे रेलले. या खुर्चीसमोर बसून कोण रडलं, कोणी शिव्या दिल्या, कोणी मुलांचे फोटो दाखवले. त्या सगळ्यांत येऊन जेवणाखाणाचं बोलणारा तू एकटा होतास, ते म्हणाले. त्या अर्ध्या तासात मलाही खरंच वाटायचं, की आपण जाणार आहोत.

तिकिटं त्यांनी फेब्रुवारीतच रद्द केली होती. मंजुषा वहिनी आणि शुभ्रा पुण्याला गेल्या होत्या, त्या आता तिथेच राहणार होत्या. दुबईचं हे ऑफिस महिनाअखेरीस बंद होणार, हे सरांना हेड ऑफिसने आधीच कळवलं होतं. सगळ्यांना काढणाऱ्यालाही शेवटी काढणारच होते. ते दहा दिवस सर वाळवंटातल्या रुवैसला, रिफायनरीच्या कामावरच्या एका कंत्राटदाराकडे, उन्हात साइट बघत आणि इंटरव्ह्यू देत फिरले होते.

"एकच जागा होती. माझं वय जास्त आहे म्हणाले," सर म्हणाले. "मग मी तुझं नाव देऊन आलो. रविवारी जाऊन भेट. आणि हे बघ, तिथे प्राग काढू नकोस. जे येतं तेवढंच सांग."

सुजीत उठला.  दारापाशी जाऊन तो वळला.

"आणि तुम्ही, सर?"

सरांनी तिजोरीतून काढून ठेवलेला त्याचा पासपोर्ट पुढे केला.

"कोणी विचारलं तर सांग, साहेब यंदा व्हिएन्नाला चाललेत. सहकुटुंब."