अकरावा नारळ

एकसष्ट सालच्या नारळी पौर्णिमेला, भर दुपारी, मालवणच्या धक्क्यावर नारळावर नारळ आपटायच्या पैजा रंगल्या होत्या. ज्याचा फुटेल तो हरला. बहिरा वासू मुंबईहून आणलेल्या कानाच्या यंत्राची डबी नारळाला टेकवायचा, टिचकी मारायचा, आवाज ऐकायचा आणि मगच नारळ उचलायचा. त्यानं दहा जणांचे नारळ फोडले.

अकरावा धाकू. तीन वर्षांत त्याचा एकही नारळ फुटला नव्हता. वासूनं डबी धाकूच्या नारळाला टेकवली, टिचकी मारली. चमकून परत मारली.

"यंत्र लावन खेळतस? ही लबाडी!" धाकूनं डबीतून वासूच्या कानात गेलेली वायर हिसडली. कान फाटला.

पंच म्हणून बसलेले गंगारामआबा ओरडले, "धाकू, नियम दोनच. नारळ झाडाचो आणि हात आपलो. यंत्राक कोणी बंदी घालूक नाय!"

वासू काही सांगणार, तोच धाकूनं डबी टाचेखाली चिरडली आणि हातातला नारळ त्याच्या डोक्यात घातला. एकदा. दोनदा. तिसरा घाव चुकून धक्क्याच्या दगडावर बसला आणि नारळ तडकला.

वासू रक्तात पडला होता. धाकूला धरायला धावलेली माणसं मधेच थांबली. तडकलेल्या नारळातून पाण्याचा थेंबही आला नव्हता. आत होडीच्या फटींत भरायची राळ गच्च भरलेली होती.

आबांनी तो नारळ उचलला.

"ह्यो खंयच्या झाडाचो रे, धाकू?"