दोघांच्या वाती

पडद्यावरची बायको अंगणात बसून रक्ताळलेली विळी धूत होती. तिथेच पहिला भाग संपला आणि शेजारची झर्ना बोलून गेली, "बाई गं! रुई मासा कापावा तसा कापला की हिने नवऱ्याला."

मग तिने जीभ चावली. खोलीतल्या सगळ्यांनी रेबाकडे बघायचं टाळलं आणि ते टाळणंच रेबाला जास्त झोंबलं.

ही गोष्ट आधी कादंबरी म्हणून आली तेव्हा शांतिपुरात ती मोजक्याच लोकांनी वाचली होती. लेखकाने नावं बदलली होती, पण घाटावर जाऊन येतो म्हणून गेलेला आणि परत न आलेला तो नवरा कोण, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. रेबाचा नवरा प्रणब बेपत्ता होऊन पाच वर्षं झाली होती. आता त्या कादंबरीची मालिका निघाली, म्हणजे घरोघरी रेबाच खुनी ठरणार.

"बंद करा ते थोतांड!" सासूबाई निभाननी कडाडल्या. "माझा प्रणब जिवंत आहे. आईच्या जिवाला कळतं."

धाकट्या दिराने, सुबलने, उठून टीव्ही बंद केला. "बौदी, तू मनाला लावून घेऊ नकोस. कथा लिहिणाऱ्यांचं काय, तिखटमीठ लावल्याशिवाय त्यांचं खपत नाही."

सुबल तसा भला माणूस. वहिनीबरोबर पोलीस ठाण्यात खेटे घालायचा, बाजारातून न चुकता मासळी आणायचा. दादा जिवंत आहे तोवर बौदीने विधवेसारखं राहायचं नाही, ताटात मासा हवा आणि भांगात सिंदूर हवा, असं त्याचं ठाम म्हणणं. प्रणबचे काका अधूनमधून सुचवत की प्रणबच्या नावाने गवताचा पुतळा करून दहन उरका, पोरीला एकदाची मोकळी करा. तो विषय निघाला की निभाननी त्यांच्या अंगावर धावून जायच्या. रेबाला या दोघांचाच काय तो आधार होता.

दुसऱ्या दिवशी नीलपूजा होती. त्या दिवशी लेकुरवाळ्या बायका उपास करतात आणि संध्याकाळी महादेवापुढे आपल्या प्रत्येक लेकराच्या आयुष्यासाठी एकेक वात लावतात. रेबाला मूल नव्हतं, म्हणून ती कधी गेलीच नव्हती. निभाननी दरवर्षी एकट्याच जायच्या आणि आल्यावर म्हणायच्या, "दोघांच्या वाती लावून आले गं." त्या एका वाक्यावर रेबा पुढचं वर्ष ढकलायची.

"मा, यांची वात जरा मोठी लावा," या वेळी तिने निघताना सांगितलं. निभाननी पदर सावरत रिक्षात बसल्या.

दिवेलागणीला वादळ उठलं. म्हातारी गुडघ्यांनी अधू, परत कशी येणार, म्हणून रेबा छत्री घेऊन निघाली. चहाच्या टपरीवरून कुणीतरी ओरडलं, "बौदी, विळी घरीच ठेवलीत ना?" मागे हशा पिकला. तिला रडू फुटलं, पण ती थांबली नाही.

देवळात बायकांची गर्दी होती. निभाननी एका कोपऱ्यात बसल्या होत्या आणि त्यांच्यापुढे एकच पणती होती. दुसरी वाऱ्याने विझली असेल, कुणी पायाने सरकवली असेल, असं रेबाला वाटलं. तिने दाराशी बसलेल्या बाईकडून पणती घेतली, पेटवली आणि पदराआड जपत आणली. ती खाली ठेवणार, तोच निभाननींनी तिचं मनगट धरलं.

"ती नको."

"का मा? ही यांच्या नावाची."

"मेलेल्याच्या नावाने इथे वात लावत नाहीत. जिवंताला बाधतं."

रेबाला वाटलं आपण भलतंच ऐकलं.

"तुम्हांला कधी कळलं?"

"तो गेला त्याच रात्री."

"मग इतकी वर्षं जिवंत आहे, जिवंत आहे म्हणून सगळ्यांशी भांडलात ते?"

"मेला म्हटलं की कुणी मारला ते विचारतात, बौमा."

बाहेर पत्रे खडखडले. सुबलच्या नावाची वात फडफडायला लागली, तशी म्हातारीने पुढे वाकून तिच्याभोवती दोन्ही तळवे धरले.

"लोक तुझं नाव घेतायत ना, घेऊ देत," ती म्हणाली. "तू माझ्या पोटची नाहीस."